श्रीवर्धनहून किनाऱ्याकिनाऱ्याने

उत्तरेश्वरांचं वागणं पहाटेपासूनच विमलाबाईंच्या डोक्यात गेलं होतं. माणसाने बायकोला समुद्र दाखवायला न्यावं आणि तोंड मात्र तेराव्याला बसल्यासारखं करावं, याला काय म्हणायचं. वारज्यातून निघताना गप्प. चांदणी चौकात गप्प. पौडला चहा घेऊ म्हटलं तर "पुढे बघू." मुळशीचं पाणी कोवळ्या उन्हात असं चमकत होतं की जणू कोणी कल्हई केलेली परात पालथी घातलीय, ते बघा म्हटलं तर नुसती मान हलवली, तीही रस्त्यावरची नजर न काढता. आणि ताम्हिणीत तर कहर केला. पुढे एक भाजीचा टेम्पो चालला होता. त्याच्या शेपटाला धरून हा माणूस अख्खा घाट उतरला. एकदासुद्धा त्याला मागे टाकलं नाही.

"अहो, त्या टेम्पोत आपले कोणी पाहुणे आहेत का?" विमलाबाईंनी विचारलं होतं.

"धुकं आहे."

धुकं घाटाखाली संपलं. टेम्पो मात्र माणगावपर्यंत पुरला.

विमलाबाईंना हे झोंबण्याचं कारण होतं. ही गाडी, ही किल्ली आणि हा प्रवास, तिन्ही त्यांनी भांडून मिळवलं होतं. मुलगा अभिनव, सून उत्कर्षा आणि नात शुक्रवारीच पुढे दिवेआगरला गेले होते. जाताना अभिनव म्हणाला, "आई, तुम्ही दोघं उद्या एसटीने श्रीवर्धनला या, मी तिथे घ्यायला येतो. बाबांनी एवढ्या लांब गाडी चालवायची नाही." झालं. ज्या माणसाने चौतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली अकरा वर्षं याच श्रीवर्धनच्या बाजूला मुक्कामी गाडी नेली, ज्याच्या छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला लागला, तो आता सवलतीच्या तिकिटावर खिडकीत बसून येणार? विमलाबाईंनी अभिनवच्या हातातून जुन्या अल्टोची किल्ली ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. उत्कर्षा हळूच म्हणाली, "आई, बाबांचे डोळे एकदा दाखवले असते तर." तिला त्यांनी जागच्या जागी उत्तर दिलं, "तुझ्यापेक्षा लांबचं दिसतं त्यांना."

उत्तरेश्वर हातातल्या किल्लीकडे बघत होते, लग्नात आहेरात काय आलंय ते बघावं तसे.

खरं तर डोळे दाखवून झाले होते. आषाढात ते एकटेच कोथरूडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले आणि हातात एक इंग्रजी कागद घेऊन आले. विमलाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. मराठी त्या बोट ठेवून वाचत, इंग्रजीशी त्यांचा कधी संबंध आला नाही. "काय म्हणाले?" तर म्हणे नंबर वाढलाय. नवा चष्मा काही आला नाही. सुनेकडून कागद वाचून घ्यायचा होता, एवढंच करायचं होतं. पण सुनेपुढे कागद धरून उभं राहायचं विमलाबाईंना जमेना. तो कागद कपाटात, साड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली गेला.

म्हसळ्याला आल्यावर फाटा लागला. दिवेआगरला तिथून सरळ जाता येतं, हे विमलाबाईंनाही माहीत होतं. उत्तरेश्वरांनी गाडी श्रीवर्धनकडे घेतली.

"वाकडी वाट कशाला?"

"किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ. सरळ रस्त्याला बघण्यासारखं काय आहे?"

पहाटेपासूनचं हे त्यांचं सगळ्यात लांबलचक बोलणं. विमलाबाईंना जरा बरं वाटलं. श्रीवर्धनची वाडी मागे पडली, सुपारीची झाडं विरळ झाली, गाडीने एक चढ घेतला आणि डाव्या अंगाला समुद्र एकदम उघडा पडला. त्यांच्या कोपरापासून तो क्षितिजापर्यंत. काचेतून वारा आला तो मिठाचा. खाली काळे खडक, त्यांच्यावर पांढरा फेस येऊन बसायचा आणि पुन्हा उठून जायचा. रस्ता अरुंद. पुढे कुठलाही टेम्पो नव्हता.

आणि उत्तरेश्वर बोलायला लागले.

"हे चढण संपलं की खाली वाळू दिसेल, चंद्रकोरीसारखी. रात्रीच्या गाडीला इथे कंडक्टर झोपेतून उठून बसायचा. म्हणायचा, उत्तरेश्वर, दिवे बारीक कर, वाळू बघू दे."

वाळू दिसली. चंद्रकोरीसारखी, खरंच.

"आता बघ. डावीकडे सुरूचं बन. काय दाट आहे. वारा त्यातून जातो तेव्हा आवाज ऐक, गाडी बंद केल्यावर ऐकवतो तुला."

विमलाबाईंनी डावीकडे बघितलं. सुरूचं बन नव्हतं. उघडी वाळू होती, तिच्यात काही बुंधे होते, दात पडलेल्या हिरडीसारखे, आणि चार पत्र्याच्या टपऱ्या. नारळपाणी, मॅगी, घोड्यावरची रपेट. मोठं वादळ येऊन गेलं त्या साली या बाजूची झाडं आडवी झाली होती, हे टीव्हीवर त्यांनी नवऱ्याच्या शेजारी बसून बघितलं होतं.

त्यांना वाटलं, चेष्टा करतायत. पण उत्तरेश्वर समुद्राकडे मान वळवून हसत होते, ओळखीचं माणूस भेटल्यासारखे. विमलाबाईंना ताम्हिणीतला टेम्पो आठवला. माणगावला चहाची कपबशी नवऱ्याने हाताने चाचपून उचलली होती, तेही आठवलं.

नीट सरळ बसून, आवाजात काही येऊ न देता त्या म्हणाल्या, "अहो, ती लाल होडी बघितलीत? खडकाजवळची?"

खडकाजवळ होडी नव्हती. लाल नाही, कुठल्याच रंगाची नाही.

"हो," उत्तरेश्वर म्हणाले. "झकास आहे."

पुढचं वळण आलं तेव्हा त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी वळवली. अगदी बरोबर वळवली. विमलाबाईंचा हात दाराच्या दांडीवर घट्ट झाला. हा माणूस रस्ता बघत नव्हता. रस्ता त्याला पाठ होता. चढण किती, गिअर कुठे बदलायचा, किती मोजून स्टेअरिंग फिरवायचं, हे सगळं त्याच्या हातापायांत अकरा वर्षं मुरलं होतं आणि तेच आता गाडी चालवत होतं. पण रस्त्यावर आज नव्याने जे येईल, ते त्याला कोण सांगणार?

ते लगेचच आलं. एक म्हैस.

ओरडावं असं विमलाबाईंच्या मनात आलं. पण ओरडलं की उघड झालं. उघड झालं की अभिनव बरोबर, उत्कर्षा बरोबर, आणि किल्ली देणारी ही म्हातारी चूक. आणि नवरा... नवऱ्याचं काय होईल याचा विचार त्यांना करवला नाही. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. तोंड सोडलं.

"ही म्हैस बघा. रस्त्याच्या मधोमध कशी उभी आहे, आपल्या विहीणबाई मांडवात उभ्या होत्या तशी. हलायचं नाव नाही. वाजवा हॉर्न, अजून वाजवा. हं, निघाली डोंगराच्या बाजूला."

गाडी मंद झाली. हॉर्न वाजला. म्हैस गेली.

"आता तो पिवळा टेम्पो येतोय समोरून. बघा मस्ती. रस्ता त्याच्या बापाने बांधल्यासारखा मधून येतोय. येऊ दे. आपण आपल्या जागी. फार डावीकडे नको, माझा पदर समुद्रात भिजेल. एवढं बस. गेला मेला."

टेम्पो हातभर अंतरावरून निघून गेला. विमलाबाईंच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. बाहेर ऊन स्वच्छ होतं. खाली कोळ्यांच्या होड्या नांगरून उभ्या होत्या, डोलकाठ्यांवर रंगीत निशाणं फडफडत होती. लांबवर पाण्याचा रंग मोरपिसासारखा होत होता. असं दृश्य बघायला लोक पुण्याहून पैसे खर्चून येतात. विमलाबाई त्या सगळ्या देखाव्यात फक्त एकच शोधत होत्या: आता काय आडवं येणार.

"इथे रस्त्यावर जवळा वाळत घातलाय बायांनी. अर्धा रस्ता अडवून. उजवीकडून घ्या थोडी. घातलं का चाक त्यात? नाही घातलं. बायका आपल्यालाच शिव्या देतायत, द्या म्हणावं. शाळेतली पोरं चाललीत ओळीने, डोंगराच्या कडेने. हळू. अजून हळू. शेवटचा एक मागे राहिलाय, चप्पल घालतोय. घातली."

बोलून बोलून घशाला कोरड पडली. एक लांब सरळ पट्टा लागला, रस्ता मोकळा दिसला, आणि विमलाबाई घोटभर पाणी प्यायला थांबल्या. बाटलीचं झाकण उघडून तोंडाला लावली असेल नसेल.

"विमल," उत्तरेश्वर म्हणाले. दोन्ही हात स्टेअरिंगला, नजर समोर. "बोलत राहा."

विमलाबाईंनी बाटली खाली घेतली.

बेचाळीस वर्षं हा माणूस त्यांना एकच सांगत आला होता, जरा तोंड आवर. सासरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, अभिनवच्या सोयरिकीला. आज पहिल्यांदा उलटं म्हणाला.

"किती दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"उजेड दिसतो. समोरचं मोठं असेल तर दिसतं, टेम्पो, घर. बाजूचं नाही."

"म्हैस?"

"तू म्हणालीस म्हणून."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले. राहिलेलं किती टिकेल ते औषधावर." थोडं थांबून म्हणाले, "म्हटलं, त्याच्या आधी एकदा हा रस्ता बघून घेऊ."

"आणि माझ्या हातून किल्ली घेतलीत."

"तू सगळ्यांसमोर दिलीस. नाही कसं म्हणायचं?"

विमलाबाईंनी काही क्षण रस्ता सोडून नवऱ्याकडे बघितलं. तेवढे क्षण पुरले.

रस्त्यात एक नवरी उभी होती. म्हणजे नवरी नव्हे, होणारी नवरी. आजकाल लग्नाआधी फोटो काढायला येतात तसली. लांबलचक अबोली झगा, त्याचा घोळ रस्त्यावर दहा-बारा फूट पसरलेला. तिचा होणारा नवरा त्या घोळाचं टोक धरून समुद्राच्या बाजूला बसलेला, आणि फोटोवाला रस्त्याच्या मधोमध पालथा पडलेला.

"ब्रेक," विमलाबाई म्हणाल्या. टोमणा नाही, विहीणबाई नाही, नुसता शब्द. "अहो, ब्रेक, माणसं."

उत्तरेश्वरांचा पाय ताबडतोब खाली गेला. पायाला अजून चौतीस वर्षांची सवय होती. गाडी करकरत थांबली. फोटोवाला उठून बसला होता. त्याच्या आणि बंपरच्या मध्ये एक माणूस आडवा मावला असता, दुसरा नाही. पोरगी झगा गोळा करून डोंगराला चिकटली होती आणि रडत होती. तो होणारा नवरा खिडकीशी आला.

"काका, दिसत नाही का तुम्हाला?"

विमलाबाई वाकून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "रस्त्यात अंथरूण घालून झोपायचं आणि वर विचारायचं? चूक आमची आहे, पण तुझीही कमी नाही. तिला पाणी दे आधी." तो पोरगा पाण्याची बाटली शोधायला बाजूला झाला.

गाडी पुन्हा हलली तेव्हा विमलाबाईंनी ठरवलं होतं. अभिनव काय म्हणेल ते म्हणो. रडणारी पोरगी त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

"थांबवा."

"इथे नाही."

"थांबवा म्हणते ना मी."

"वळणावर उभी केलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्याचा जीव घेणं. चौतीस वर्षांत मी वळणावर गाडी उभी केली नाही." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला, डेपोतला, खडा. "हे चढण, मग डावं वळण, ते संपलं की महादेवाचं देऊळ. समोर मोठी जागा आहे. बस वळायची तिथे. तिथे थांबतो. तू फक्त समोरचं सांग."

विमलाबाईंनी फोन बाहेर काढला. पडद्यावर रेंजची एकही काडी नव्हती. मागे वळून जायला जागा नव्हती, त्यांना चालवता येत नव्हतं, आणि डाव्या हाताला काच आणि काचेपलीकडे हवा होती. त्या समोरचं सांगत राहिल्या. आता टोमणे संपले होते. "मोकळं आहे. मोकळं आहे. मोटारसायकल येते. गेली. मोकळं." प्रत्येक "मोकळं"ला देवाचं नाव घ्यावं तसा श्वास लागत होता.

चढण संपलं. उत्तरेश्वरांनी दुसरा गिअर टाकला, मनाशी काहीतरी मोजलं आणि स्टेअरिंग डावीकडे घेतलं.

पण रस्ता डावीकडे जातच नव्हता. जुना रस्ता जात असे. आता डोंगर कापून नवा रस्ता सरळ काढला होता, काळा, गुळगुळीत, मधे पांढरे पट्टे मारलेला. आणि डावीकडे राहिला होता तो जुन्या रस्त्याचा तुकडा, समुद्राने खालून खाल्लेला, तोंडाशी दोन पिंपं आणि त्यांना बांधलेली लाल फीत. विमलाबाईंनी ते बघितलं आणि "मोकळं" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. सांगायला वेळच नव्हता. उजवीकडे म्हटलं तर किती उजवीकडे, हे या माणसाला कसं कळणार. पहिलं पिंप उडालं. फीत काचेवर येऊन चिकटली.

गाडी चालवायच्या कुठल्याही दांड्याला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. पण सोसायटीत गाडी लावली की नवरा दोघांच्या मधला तो दांडा कर्रकन वर ओढतो, हे हजारदा बघितलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तो दांडा धरला आणि विहिरीतून भरलेला पोहरा ओढावा तसा ओढला.

मागची चाकं अडली. गाडी तिरपी होत घसरली, खडी उडाली, इंजिन आचके देऊन बंद पडलं. मग सगळं थांबलं. नुसता समुद्र ऐकू येत होता, खालून, अगदी खालून.

विमलाबाईंनी खिडकीतून बघितलं. त्यांच्या बाजूचं पुढचं चाक डांबराच्या कडेवर होतं. कडेच्या पुढे गवताची एक पट्टी, आणि मग दगड, आणि मग खूप खाली हिरवं पाणी, त्यात पांढरा फेस. एक बगळा त्यांच्या पायांच्याही खालून उडत गेला.

"देवळाजवळ आलो का?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

विमलाबाईंनी हात लांब करून किल्ली फिरवली, बाहेर काढली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. त्यांचं दार समुद्राच्या बाजूला होतं, म्हणून म्हणाल्या, "तुमच्या बाजूने उतरा. सावकाश. मी मागून येते." साठीच्या पुढची बाई गिअरच्या दांड्यावरून साडी सावरत पलीकडे सरकली आणि नवऱ्याच्या पाठोपाठ बाहेर पडली. त्याचा दंड धरून तिने त्याला नव्या रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या बाजूला, एका दगडावर नेऊन बसवलं.

तिथे रेंज होती. त्यांनी फोन काढला तेवढ्यात तो वाजला.

"आई, कुठे आहात? किती वेळ लावतोय मी फोन."

"किनाऱ्याच्या रस्त्याने आलो. श्रीवर्धन सोडून बरंच पुढे. नवा रस्ता सरळ गेलाय तिथे, जुन्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी उभी आहे."

"गाडी बिघडली का?"

"गाडी ठीक आहे. बाबांना दिसत नाही." विमलाबाईंनी दम घेतला. "आषाढापासून. हो, किल्ली मी दिली, मला माहीत आहे. उत्कर्षा म्हणाली होती, तेही माहीत आहे. तुम्हाला दोघांना जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. आधी ये."

फोन ठेवला. त्या नवऱ्याशेजारी त्याच दगडावर टेकल्या. उत्तरेश्वर दोन्ही हात मांडीवर ठेवून समुद्राच्या आवाजाकडे तोंड करून बसले होते. हात अजून स्टेअरिंग धरल्यासारखे अर्धवट वळलेले.

"किती राहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हातभर."

"वळण इथेच होतं, विमल. मी मोजलं होतं."

"वळण गेलं. रस्ता सरळ झाला. तुम्हाला कोणी सांगायचं राहिलं."

उत्तरेश्वरांनी वळलेली बोटं सरळ केली. मग खाली मान घालून म्हणाले, "काय बोलायचं ते बोल. एवढा रस्ताभर बोललीस."

विमलाबाईंनी पदराने तोंड पुसलं, मीठ होतं की घाम कोण जाणे, आणि नवऱ्याकडे वळून अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "डोळे गेले त्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. पण तुम्ही मला बायको म्हणून गाडीत घेतलं नाहीत, पॅसेंजर म्हणून घेतलंत. पॅसेंजरला काही सांगायचं नसतं, तो मुकाट पोचतो नाहीतर मरतो. आजपासून ड्रायव्हर म्हणून तुम्ही संपलात. नवरा म्हणून ठेवायचं की नाही, ते मी वारज्याला गेल्यावर ठरवीन. तोवर माझा हात सोडायचा नाही."